आठ कागदांची हडळ

आबांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, उजव्या हातावर फौंड्रीत लोखंडाचा रस सांडला, तेव्हा आमच्या घरात खाणारी तोंडं तीन होती आणि कमावता हात एकही उरला नाही. मालकानं दवाखान्यात एकदा केळी पाठवली. दुसऱ्यांदा निरोप पाठवला की हात बरा झाला की बघू. आबांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली, ते ‘बघू’ अजून तसंच आहे. मी हे कडवटपणानं लिहिते असं माझ्या सुनेला वाटतं. ती म्हणते, आई, आता कशाला? मी म्हणते, आता नाही तर कधी? त्या वेळी बोलायला आम्हाला तोंड नव्हतं. कुळथाचं माडगं पिऊन तोंड मिटून बसायचं, एवढंच होतं.

आई बसणारी नव्हती. उचगावात आमच्या दोन खोल्या, वर पत्रा, पुढं कडुनिंब. तिनं रद्दीवाल्याकडून पोत्यानं कागद आणायला आणि त्याच्या पिशव्या करून दुकानदारांना द्यायला सुरुवात केली. मैद्याची खळ शिजवायची, तिला झुरळं आणि उंदीर लागू नयेत म्हणून चिमूटभर मोरचूद घालायचं. त्यानं आईची बोटं कायम निळसर असायची. घरात सकाळपासून तोच आंबूस वास, आणि वाटीच्या बुडानं कागदाची घडी दाबताना होणारा चर्र चर्र आवाज. आबा उजव्या हातानं काही करू शकत नव्हते, पण डाव्या हातानं ते पुस्तकांच्या पिना उपसायचे. शिवाय तयार पिशव्यांचा गठ्ठा पाटाखाली ठेवून त्या पाटावर बसायचे. पिशव्या चपट्या व्हायला वजन लागतं. शेजारच्या बायका हसायच्या, ‘म्हादबा, लई जड काम हाय गा तुमचं!’ आबाही हसायचे. मी हसत नव्हते. भट्टीसमोर उभं राहून ज्यानं अर्ध्या कोल्हापूरच्या पंपांची बॉडी ओतली, तो माणूस पिशव्यांवर वजन म्हणून बसतो यात हसण्यासारखं मला काही दिसत नव्हतं.

त्या पोत्यांतून भुताची कॉमिक आमच्या घरात आली. हिंदीतली, उत्तरेकडून येणारी, खरबरीत कागदावर छापलेली. आईला तो कागद फार आवडायचा, कारण तो खळ छान पितो. गुळगुळीत कव्हर तिला नको असायचं, ते चिकटत नाही. म्हणून कव्हर माझी आणि आतलं सगळं पिशव्यांचं, अशी आमची वाटणी होती. पण पिशवी व्हायच्या आधी प्रत्येक कागद मी वाचायचे. आईला अक्षर येत नव्हतं. एके दुपारी ती म्हणाली, “मनातल्या मनात काय खिदळालीस? मोठ्यानं वाच की. आमी काय दगड हाय व्हय?”

मग रोज दुपारी मी हिंदीतलं आमच्या भाषेत करून सांगायला लागले. आबांची एकच अट होती: दिवे लागल्यावर नाही. उकळत्या लोखंडाला न घाबरणारा माणूस हडळीला मात्र घाबरायचा. गोष्टीत कुणाची सावली पडली की ते पाटावरून उठून बाहेर लिंबाखाली जायचे, आणि आई ओरडायची, “अवो, बसा की! पिशव्या फुगाल्यात!”

आई घाबरत नव्हती. ती चिडायची. तिचं चिडणं ऐकून ऐकून मी शिकले, हे मला मोठेपणी कळलं. एकदा एका हडळीचे पाय उलटे काढले होते आणि ती सडक उतरून पाटलाच्या वाड्यात जाते असं दाखवलं होतं. आईनं घडी थांबवली.

“पाय उलटं हाईत न्हवं?”

“व्हय.”

“मग पायात चप्पल कशी हाय? अंगठा कुठल्या बाजूनं घातला?”

मी चित्र नीट बघितलं. खरंच चप्पल होती.

“काढणाऱ्यानं डोकं गहाण ठेवलंय,” आई म्हणाली. “आणि हडळ बाई कायम गरिबाचीच कशी? एक तरी सावकाराची बायको हडळ झालेली दाव की मला.”

मी शोधलं. चार पोती शोधलं. सापडली नाही. बाळंतपणात मेलेली, विहिरीत ढकललेली, भिंतीत चिणलेली, सासरनं जाळलेली, सगळ्या आमच्यासारख्याच घरातल्या. आणि त्यांना बाटलीत भरून गाडणारा मांत्रिक कायम गावच्या मोठ्या माणसानं बोलावलेला. हे मी एका वहीत लिहायला लागले. एका पानावर कॉमिकचं नाव, खाली चित्रं कशी, गोष्ट कशी, भीती कुठं वाटली, राग कुठं आला. आज माझा नातू मोबाइलवर सिनेमाला तारे देतो आणि त्याला परीक्षण म्हणतो. देऊ दे. मी तेव्हा तारे देत नव्हते. मी कारणं देत होते.

बारावीनंतर मी शहरात कॉलेजला गेले. आम्हा पोवारांच्या घरातून दहावीच्या पुढं गेलेली मी पहिली, आणि बसमध्ये उभी राहून जाणारी बहुतेक एकटीच. स्टँडजवळ एक दुकान होतं, तिथं कॉमिक भाड्यानं मिळायची. दुकानदाराला सगळे मामा म्हणायचे. त्या दुकानात रविवारी सकाळी भुताच्या कॉमिकचे शौकीन जमायचे आणि दर महिन्याला ‘अमावस्या’ नावाचं एक सायक्लोस्टाईल केलेलं चार पानी पत्रक काढायचे. इचलकरंजी, पेठ वडगाव, सांगली असे लांबलांबचे वाचक त्यात लिहायचे. संपादक होता सुहास, आमच्याच कॉलेजात माझ्यापुढं दोन वर्षं. वडील वकील. त्याच्याकडं प्रत्येक कॉमिक होतं, प्लॅस्टिकच्या वेष्टनात, नंबर घालून. ‘अमावस्या’चा अंक कॉलेजच्या ग्रंथालयाबाहेरच्या फळ्यावरही लागायचा, म्हणून मला तो दिसला.

मी पोस्टानं एक परीक्षण पाठवलं. ते छापलं. दुसरं पाठवलं, तेही छापलं. खाली नाव ‘मं. म. पोवार’. त्यांना वाटलं मी कुणी मुलगा आहे. पत्रात ‘मित्रा’ असं लिहायचे. मी ते दुरुस्त केलं नाही. फळ्यासमोर उभं राहून मुलं माझं लिखाण वाचतात आणि मी मागं उभी राहून ऐकते, यात मला काय सुख होतं ते कुणाला सांगून कळणार नाही. एक जण म्हणाला होता, “हा पोवार लई बेकार फाडतोय.” मी ते आईला सांगितलं. आई म्हणाली, “फाडाय आपल्या घरात कागदाची काय कमी हाय.”

आता त्या तिसऱ्या परीक्षणाचं सांगते. त्याच्यासाठीच हे प्रकरण लिहायला बसले.

कॉमिक कसं बांधतात हे ज्यानं पिना उपसल्या आहेत त्यालाच नीट माहीत असतं. बत्तीस पानांचं पुस्तक म्हणजे आठ मोठे कागद, एकात एक घालून मधोमध पिना मारलेले. म्हणजे सगळ्यात बाहेरच्या कागदावर पहिलं, दुसरं, एकतिसावं आणि बत्तिसावं पान. ज्या कागदावर गोष्ट सुरू होते त्याच कागदावर ती संपते. पिना काढल्या की कागद सुटे. ‘चूनेवाली हवेली’ या नावाचं कॉमिक माझ्या हातात आलं ते असंच, आठ सुट्या कागदांचं, कव्हर वेगळं.

पहिल्या दोन पानांवर विहिरीच्या काठावर लाल लुगड्यातली एक बाई, कडेवर पोर. तिसऱ्या पानापासून ठाकूरची हवेली. ठाकूर त्या बाईला हवेलीच्या भिंतीत जिवंत चिणतो, वर चुना फासतो. मग ती भिंतीतून बाहेर येते, एकेकाला धरते. तिसाव्या पानावर मांत्रिक तिच्यासमोर मशाल उगारून उभा. आणि त्याच्या समोरच्या एकतिसाव्या पानावर दिवसाचं ऊन, विहीर, लाल लुगड्यातली बाई आणि तिचं पोर. बत्तिसाव्या पानावर ती त्याला भाकरी भरवते. बस्स.

मी तो कागद हातात धरून कितीतरी वेळ बसले. मला वाटलं, मांत्रिकानं मशाल खाली टाकली. मला वाटलं, कुणीतरी पहिल्यांदाच हडळीला तिचं पोर परत दिलं. आईला सांगितलं तर तिनं पदरानं नाक पुसलं. ती म्हणाली, “ह्यो काढणारा कुणीतरी बाईच्या पोटचा हाय.” मी चार पानं लिहिली. लिहिलं की आजवर हडळीला जाळलं, बाटलीत भरलं, इथं पहिल्यांदा तिला न्याय दिला. पाठवलं. छापून आलं.

पुढच्या महिन्याच्या अंकात पहिल्याच पानावर चौकट होती. ‘गेल्या अंकातील “चूनेवाली हवेली”चं परीक्षण खोटं आहे. परीक्षकानं पुस्तक न वाचता मनानं शेवट रचला आहे. मं. म. पोवार हे नाव “अमावस्या”त पुन्हा दिसणार नाही.’ खाली सुहासची सही.

ते फळ्यावर लागलं. मी नेहमीसारखी मागं उभी होते. पुढचा एक जण म्हणाला, “बघ, मी म्हणत नव्हतो? थापाड्या हाय त्यो.”

मला आजही त्या चौकटीचा राग येतो. पुस्तक मला आवडलं नाही म्हटलं असतं, लिखाण भिकार म्हटलं असतं, तरी मी गप्प बसले असते. पण न वाचता लिहिलं? मी? एका ओळीचं पत्र टाकून विचारता आलं असतं. उचगाव काही विलायतेत नाही. पण विचारतात कुणाला, ज्याचं उत्तर ऐकायचं असतं त्याला.

घरी येऊन मी सगळं सांगितलं. आई म्हणाली, “पुस्तक दाव की त्यास्नी.” पुस्तक कुठलं? पिशव्या होऊन दुकानात गेलेलं. आबा पाटावर बसले होते. ते खाली बघत म्हणाले, “मंगल, त्या टायमाला दोन पुस्तकं एकदम घेतलतो मांडीवर. पिना मीच काढलत्या. डाव्या हातानं एक गठ्ठा निसाटला. परत गोळा करून ठेवला तसाच.” म्हणजे दोन पुस्तकांचे कागद मिसळले असतील, पण मला ते मानायचं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी आई आणि मी गावातल्या चिरमुरेवाल्याकडं गेलो. आमच्या पिशव्या त्याच्या खिळ्याला टांगलेल्या होत्या. “पावणं, एकेक पिशवी बगू द्या,” आई म्हणाली. त्याला वाटलं पिशव्या फाटक्या निघाल्या म्हणून ती परत न्यायला आली. “अवो, चांगल्या हाईत की! नादखुळा पिशव्या हाईत!” आम्ही गठ्ठा उलटापालटा केला. आठपैकी पाच कागद सापडले, सहावा भडंग भरून फळीवर ठेवलेला. भडंगासकट तो घेतला. बाकीचे दोन कुणाच्या तरी घरी जाऊन चुलीत गेले असतील. पण सगळ्यात बाहेरचा कागद मिळाला, विहिरीचा. घरी येऊन कोमट पाण्यात पिशव्या भिजत घातल्या, खळ सुटली, आणि मी ते कागद दोरीवर वाळत घातले. आबा त्या दिवशी दोरीखाली बसून होते, वाऱ्यानं उडू नयेत म्हणून.

रविवारी मी निघाले तर आई चप्पल घालून दारात. “तू कशाला?” “तुला लबाड म्हंटल्यात. मला बघू दे कोण हाय त्यो.”

दुकानात पाचसहा पोरं होती. मामा काउंटरमागं. सुहास खुर्चीत. मी कागद त्याच्यासमोर ठेवले. घडीच्या जागी फाटलेले, एकावर भडंगाच्या तेलाचा डाग.

“मं. म. पोवार म्हणजे तुम्ही?”

“व्हय. मीच हाय. वाचून लिवलोय मी.” आमच्याकडं बायकाही ‘लिवलोय’, ‘गेलतो’ असंच बोलतात. पोरं एकमेकांकडं बघून हसली.

सुहासनं कागद चाळले. वाईट माणूस नव्हता तो, आज सांगायला हरकत नाही. पण ज्याला सगळं पुरं मिळालं आहे त्याला अपुरं कसं असतं हे माहीत नसतं. त्यानं पिशवीतून स्वतःची प्रत काढली, एकतिसावं पान उघडलं आणि माझ्या कागदाशेजारी ठेवलं.

“हा बाहेरचा कागद दुसऱ्याच पुस्तकाचा आहे. चित्रकारसुद्धा वेगळा आहे. तुम्हाला हाताचा फरक कळला नाही?”

मी बघितलं. खरं होतं. नाक वेगळं, हातांची बोटं वेगळी. लाल लुगडं तेवढं सारखं, आणि छपाई इतकी पसरट की लाल रंगाखाली बाकीचं मला दिसलंच नव्हतं. किंवा बघायचं नव्हतं. चूक माझी होती.

मागून कुणीतरी म्हणालं, “पिशवी फोडून परीक्षण! मग भडंगाचं पण लिवा की पुढच्या अंकात.”

मामासकट सगळे हसले. आई पुढं झाली.

“ती पिशवी मी केलीया बाळ. तुज्या घरात पण आली असंल. तू भडंग खाल्लास, हात पुसलास आणि फेकलीस. माज्या लेकीनं ती वाचलीया. आता सांग, न वाचणारा कोण?”

आईनं बोटानं सुहासची प्रत दाखवली.

“खरा शेवट काय हाय ह्याचा?”

“मांत्रिक तिची वेणी जाळतो, राख मडक्यात भरतो. मग...”

“आणि ठाकूर?”

“ठाकूर वाचतो. गाव त्याला हार घालतं.”

“जिला गाडली तिलाच जाळली? आणि गाडणाऱ्याला हार?” आईनं मामाकडं बघितलं. “असलं भाड्यानं देता व्हय वो तुमी पोरास्नी?”

मामा म्हणाले, “मावशी, मी कुठं वाचतोय, मी निस्तं देतोय.”

मी सुहासला म्हणाले, “ते पुस्तक द्या. आत्ता वाचतो, हितंच.” खुर्ची कुणी दिली नाही, मी मागितलीही नाही. काउंटरला टेकून पहिल्या पानापासून बत्तिसाव्यापर्यंत वाचलं. शेवटच्या चित्रात हवेलीच्या भिंतीला नवा चुना दिला होता, पांढरा स्वच्छ, आणि समोर ठाकूर हसत उभा. मग मामांकडून कोरा कागद घेतला आणि तिथंच लिहिलं. आधी लिहिलं की माझ्या प्रतीत बाहेरचा कागद दुसऱ्या पुस्तकाचा होता, तो मला ओळखू आला नाही, ही माझी चूक. मग लिहिलं:

‘आता मी पुरं पुस्तक वाचलं आहे. यात भीती वाटते ती हडळीची नाही. ती भिंतीत असते तेव्हा गाव तिथून रोज जातं आणि कुणाला काही ऐकू येत नाही, त्याची वाटते. चित्रकारानं हे चित्र सातव्या पानावर उत्तम काढलं आहे. पण लेखकाला ते दिसलं नाही. त्यानं मारणाऱ्याला हार घातला आणि मेलेलीला पुन्हा मारलं. चुकीच्या कागदानं मला जो शेवट दिला तो या पुस्तकापेक्षा चांगला होता. आपल्या वाचकांनी दोन्ही वाचून ठरवावं.’

सुहासनं ते दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना सातवं पान उघडून बघितलं. मग म्हणाला, “हे पान मी कितीदा बघितलंय. मागं माणसं चालल्यात हे माझ्या लक्षात आलं नव्हतं.” त्यानं पुस्तक मिटलं. “छापतो. पण चूक झाली हेही छापावं लागेल.”

“छापा की. आधी माझी छापा. मग तुमची.”

“माझी कुठली?”

“मी चुकलो. तुम्ही मला लबाड म्हणालासा. दोन्ही एक न्हाय.”

मामा म्हणाले, “पोरगी बरोबर बोलाल्या रं सुहास.” सुहासनं पेन काढलं आणि माझ्या कागदाच्या वरच्या कोऱ्या जागेत एक ओळ लिहिली. मग विचारलं, “नाव काय घालू? मं. म.?”

“मंगल महादेव पोवार. उचगाव.”

आम्ही बसनं उचगावला परत आलो. उतरताना आई म्हणाली, “त्या हार घालणाऱ्या गावाचं नाव काय लिवलंय त्यात?” मी म्हणाले, नाव दिलेलं नाही. “कसं देईल,” ती म्हणाली.

पुढच्या अंकात पहिल्या पानावर तीन गोष्टी होत्या. माझी चूक, माझ्या शब्दांत. त्याखाली सुहासची ओळ: ‘“खोटं” हा शब्द संपादक मागे घेत आहे, विचारायला हवं होतं.’ आणि त्याखाली पुरं परीक्षण. तो अंक महिनाभर ग्रंथालयाबाहेरच्या फळ्यावर होता. या वेळी मी मागं उभी राहिले नाही, पुढं उभी राहून वाचला.

तिथून बी.ए. होईपर्यंत ‘अमावस्या’चा एकही अंक माझ्या परीक्षणाशिवाय निघाला नाही, आणि शेवटचं वर्षभर संपादक म्हणूनही माझंच नाव होतं. पदवी घेतलेली पोवारांच्या घरातली मी पहिली.